पंखा बदलायच्या आधी: फॅमिली व्हॅनचा कूलिंग फॅन आणि वायरिंग क्रमाने कसं तपासायचं

गाडी तापली की आपल्याकडे ठरलेला खेळ सुरू होतो. आधी पाणी ओतायचं. मग पंख्याची मोटर बदलायची. तरी तापली तर थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा) काढून टाकायचा, आणि शेवटी कुणीतरी वायरमन पंखा ‘डायरेक्ट’ करून देतो. एवढं सगळं झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी कळतं की मूळ दोष अर्थच्या (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडाच्या) एका गंजलेल्या बोल्टात होता. मोटर जळतच नाही असं नाही. पण ती शेवटी तपासायची गोष्ट आहे आणि आपण ती सगळ्यात आधी बदलतो.

हा लेख ईको, एर्टिगा अशा इलेक्ट्रिक पंख्याच्या सहा-सात सीटर गाड्यांसाठी आहे. जुनी डिझेल इनोव्हा, तवेरा, बोलेरो यांत पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग (घट्ट तेलावर चालणारा क्लच) असतं. तिथे फ्यूज आणि रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) शोधत बसू नका. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने ढकला. अडखळत फिरला तर ठीक, भिंगरीसारखा मोकळा फिरला तर कपलिंग गेलं.

## आधी एक प्रश्न: तापते कधी?

बॉनेट उघडायच्या आधी याचं उत्तर द्या, कारण अर्धं निदान इथेच होतं.

सिग्नलला, टोलच्या रांगेत किंवा गर्दीत रांगताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो, तर संशय पंख्यावर आणि त्याच्या वायरिंगवर. ताशी ७०-८० ने जाताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, तिथे पंख्याचं काम जवळजवळ नसतं. म्हणून हायवेला तापणाऱ्या गाडीचा पंखा बदलून काहीच साधत नाही. तिथे कूलंट कमी असणं, रेडिएटर आतून चोक होणं, थर्मोस्टॅट अडकणं किंवा वॉटर पंप ही कारणं बघायची. घाट चढताना तापणारी गाडी मधल्या गटात मोडते. वेग कमी, इंजिनवर ताण जास्त, त्यामुळे दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

कित्येक गाड्यांत आता काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतली गाडी असेल तर ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटचा) छोटा ब्लूटूथ डोंगल घ्या, मोबाईलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. पुढच्या सगळ्या तपासणीत त्याचा उपयोग होतो.

## टप्पा १: तयारी

लागणारं सामान फार नाही:

- डिजिटल मल्टिमीटर
- टेस्ट लॅम्प. बाजारातला एलईडीवाला नको. जुना हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात
- दीड-दोन मीटर जाड वायर, दोन्ही टोकांना क्लिप आणि मध्ये फ्यूज होल्डर (३० अँपिअरचा फ्यूज घालून)
- पॉलिश पेपर, वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे
- डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट
- मोबाईल, प्रत्येक कपलर (वायरींचा जोडणारा प्लग) काढण्याआधी फोटो घ्यायला

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, पूर्ण थंड झालेली हवी. ‘पूर्ण थंड’ म्हणजे रेडिएटरचा वरचा होज मुठीत धरता आला पाहिजे आणि दाबल्यावर तो टणक लागता कामा नये.

सावधान: गरम रेडिएटरचं झाकण फडकं धरूनही उघडू नका. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब सुटला की एका क्षणात उकळून तोंडावर येतं. आणि काही गाड्यांत पंखा इग्निशन बंद असतानाही अचानक सुरू होतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

## टप्पा २: कूलंट

विजेचा प्रश्न असताना पाणी आधी का? तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो. कूलंट कमी असेल तर सेन्सरभोवती हवा किंवा वाफ राहते, त्याला खरं तापमान कळत नाही आणि पंखा चांगला असूनही त्याला हुकूमच मिळत नाही. अशा गाडीला नवी मोटर बसवली तरी ती तशीच बसून राहणार.

बाजूच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. रेडिएटरला स्वतःचं झाकण असेल तर ते (थंड असताना) उघडून पाणी काठोकाठ आहे का बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं झाकणाचं रबर कडक झालं की सर्रास होतं.

ईकोसारख्या गाडीत इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, म्हणजे मधले पाईप लांबलचक. पाणी बदलल्यावर त्यात हवा अडकते. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर आणखी एक जागा वाढते: गॅसचा रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला गरम कूलंटचे दोन बारीक होज जोडलेले असतात. त्या जोडांवरची गळती मी एकाहून जास्त गाड्यांत बघितली आहे. पाणी थेंब-थेंब जातं, तापलेल्या भागावर सुकतं आणि खाली डाग दिसत नाही. जोडाभोवती पांढरट किंवा हिरवट पापुद्रा दिसला तर तीच गळती.

बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने चहाच्या पातेल्यात जो थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

तपासणी: पातळी पूर्ण, हवा काढलेली, गळती नाही. एवढं नक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: बॅटरी आणि चार्जिंग

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. १२.४ चालेल. १२.० म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू करून हेडलाईट आणि ब्लोअर लावल्यावर साधारण १३.५ ते १४.५. तिथेही आकडा १३ च्या खालीच राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. कमी व्होल्टेजवर पंखा फिरतो, पण आळसावलेला फिरतो, आणि बघणाऱ्याला ‘पंखा चालू आहे’ असंच वाटतं.

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ४: एसीचं बटण दाबा

फुकटची तपासणी, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. इंजिन सुरू करा, एसी लावा. एसीचा कॉम्प्रेसर लागला की पुढचा पंखा थोड्या वेळात फिरायला हवा, इंजिन थंड असलं तरी.

एसीवर पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर बहुतेक ठीक आहे. सरळ टप्पा ८ वर, सेन्सरकडे जा. एसीवरही फिरत नाही, तर टप्पा ५ पासून क्रमाने.

दोन पंखे असलेल्या गाडीत कुठला फिरला ते नीट बघा. एसीचा वेगळा आणि रेडिएटरचा वेगळा असू शकतो. पंखा दोन वेगांचा असेल आणि फक्त जोरातच फिरत असेल, तर हळू वेगाचा रेझिस्टर जळालेला असतो. असा पंखा इंजिन बरंच तापल्यावर एकदम घोंघावत सुरू होतो.

सुरू झालेल्या पंख्याची दिशाही बघून घ्या. कुणी मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या असतील तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. चिकटला तर बरोबर, उडाला तर उलटा. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला असो की पुढे, गणित तेच. वारा समोरून आतच जायला हवा.

## टप्पा ५: फ्यूज

पंख्याचा फ्यूज बहुधा इंजिनजवळच्या डब्यात असतो, ३० किंवा ४० अँपिअरचा. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो.

नुसतं डोळ्यांनी बघून ‘फ्यूज ठीक’ म्हणू नका. तारेला बारीक तडा असेल तर दिसत नाही. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांवर टेस्ट लॅम्प लावा (दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला). दोन्हीकडे लागला तर ठीक. एकीकडेच लागला तर फ्यूज उडाला. दोन्हीकडे नाही, तर सप्लाय त्याच्या आधीच तुटलाय. इग्निशन चालू करून पुन्हा बघा. फ्यूज काढल्यावर पाय आणि खाचाही बघा. प्लास्टिक वितळलेलं, पाय काळे-निळे झालेले दिसले तर तिथली पकड सैल झालीय.

सावधान: उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा लावू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागतेय.

## टप्पा ६: रिले

डब्यात अगदी त्याच नंबराचा दुसरा रिले असेल (हॉर्नचा, कधी फॉग लॅम्पचा) तर अदलाबदल करून बघा. नंबर तंतोतंत जुळला पाहिजे, आकार सारखा असून भागत नाही.

तसा रिले नसेल तर मीटर घ्या. साध्या चार पायांच्या रिलेवर ८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय. त्यांच्यामध्ये साधारण ५० ते १२० ओहम दाखवायला हवं. त्यांना १२ व्होल्ट दिले की ‘टक’ आवाज येतो आणि ३० व ८७ जोडले जातात. जपानी पद्धतीच्या रिलेवर आकडे वेगळे असतात, तिथे अंगावर छापलेली आकृती बघा.

‘टक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा मोठा गैरसमज आहे. आवाज कॉइलचा असतो, करंट नेणारे ठिपके आतून जळालेले असू शकतात. म्हणून कॉइलला सप्लाय देऊन ३० आणि ८७ मधून ५५ वॉटचा बल्ब लावून बघा. बल्ब झगझगीत लागला पाहिजे.

उलटाही प्रकार होतो: ठिपके चिकटतात आणि गाडी बंद केली तरी पंखा फिरतच राहतो, सकाळी बॅटरी डाऊन. रिले उपटल्यावर पंखा थांबला, तर तो रिले पुन्हा लावू नका.

## टप्पा ७: पंख्याचा कपलर आणि अर्थ

इथे घाई करू नका. बहुतेक चुका इथेच होतात.

कपलर काढला, मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, ‘सप्लाय येतोय, म्हणजे मोटर गेली’ असा निष्कर्ष काढला. चूक. सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरचा नळ आठवा. तोटी बंद असताना पाईपमध्ये दाब असतोच, उघडल्यावर करंगळीएवढी धार. मीटर म्हणजे बंद तोटी, त्याला करंट लागतच नाही. एका धाग्यावर लटकलेली वायरही मीटरला १२ व्होल्ट दाखवते. पंख्याला मात्र १०-२० अँपिअर लागतात.

म्हणून असं करा:

१. कपलर काढा, एसी लावून सप्लाय सुरू ठेवा. कपलरच्या दोन पायांमध्ये ५५ वॉटचा बल्ब जोडा. झगझगीत लागला तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही खरे. मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि मोटर निर्दोष असू शकते.

२. आता बल्बचं अर्थचं टोक कपलरमधून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. झगझगीत झाला, तर अर्थ खराब. तरीही मिणमिणलेलाच, तर पॉझिटिव्ह बाजू: फ्यूजची खाच, रिलेचा सॉकेट, मधली वायर.

३. पंखा कसाबसा फिरत असेल तर कपलर जोडलेला ठेवून मोजा. मीटरचं एक टोक पंख्याच्या अर्थ वायरीवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. पंखा फिरत असताना ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा, एक, दीड व्होल्ट दिसला तर तेवढा दाब गंजात वाया जातोय. पॉझिटिव्ह बाजूला ०.५ पर्यंत ठीक.

आमच्या गाडीत हा आकडा २.१ होता. खंबाटकी चढताना दोनदा तापली, एका गॅरेजने मोटर बदलली, तिसऱ्यांदा पुन्हा तापली. पंखा फिरताना दिसायचा, म्हणून कुणी मोजलंच नाही. अर्थची वायर पुढच्या पत्र्यावर १० नंबरच्या बोल्टने बसवलेली होती. बोल्ट काढला तर खाली रिंगच्या आकाराचा तपकिरी गंज, आणि त्याखाली रंगाचा थर, शोरूममधून आला तेव्हासारखा चकचकीत! आधीच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये कुणीतरी अर्थच्या जागेवरही फवारा मारला होता. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, रिंग घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. आकडा ०.०८. जुनी मोटर अजून घरात पडून आहे, बॅटरीला लावली की सुरेख फिरते.

खराब अर्थची आणखी एक खूण: हॉर्न वाजवला की हेडलाईट मंद होतो, इंडिकेटर दिला की काटा उडतो, पंखा लागला की म्युझिक सिस्टिम खरखरते. असे एकमेकांशी संबंध नसलेले दोष एकत्र आले की सुटे भाग बदलत बसू नका, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या दोन जाड अर्थ पट्ट्या आधी काढून घासा.

बल्बवर सप्लाय पूर्ण मिळतोय आणि तरी पंखा गप्प आहे, तेव्हाच मोटरला बॅटरीवरून थेट जोडा. फ्यूजवाली वायर वापरून आणि हात लांब ठेवून. फिरली नाही तर मोटर गेली. काठीने हलकं टोचल्यावर फिरली, तर मोटरच्या आतले कार्बनचे ब्रश झिजलेत. तीही गेलीच समजा.

सावधान: कपलरला दोन जाड वायरींसोबत एखादी बारीक वायरही असेल, तर आत कंट्रोलर आहे. अशा पंख्याला थेट सप्लाय देऊ नका. आणि दोन पंखे रिलेतून जोडलेल्या गाड्यांत एका पंख्याची अर्थ थेट बॉडीला जात नाही. तिथे वायरिंग डायग्राम समोर असल्याशिवाय हा टप्पा करू नका.

## टप्पा ८: सेन्सर

एसीवर पंखा चालतो, तापल्यावर नाही, असे इथे आलात. ओबीडीवर कूलंटचं तापमान बघा. रात्रभर उभी गाडी बाहेरच्या हवेएवढं तापमान दाखवते का? सकाळी २५ अंशांत ती ५५ किंवा उणे ४० सांगत असेल तर सेन्सर किंवा त्याचा कपलर दोषी. नंतर इंजिन सुरू ठेवा: आकडा सावकाश चढत ८५-९० ला रेंगाळतो आणि साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान पंखा लागतो. १०५ पर्यंत लागला नाही तर इंजिन बंद करा. ओबीडीवर दिसणाऱ्या दोषांच्या कोडांपैकी पी०११५ ते पी०११८ सेन्सरच्या सर्किटचे, पी०४८० पंख्याच्या कंट्रोलचा.

बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की कंट्रोल युनिट सावधगिरी म्हणून पंखा सुरू ठेवतं. म्हणून थंड गाडीतही चावी फिरवताच पंखा लागत असेल तर तो बहुतेकदा सुटलेल्या किंवा उंदराने कुरतडलेल्या सेन्सर वायरीचा परिणाम असतो, पंख्याचा दोष नव्हे.

## पंखा चालतोय, तरी तापते?

मग वीज सोडा. थर्मोस्टॅट काढा आणि पातेल्यात पाणी तापवून दोऱ्याने टांगून बघा (पातेलं घरचं वापरलं तर पुन्हा स्वयंपाकाला नको). अंगावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ ते ८८, तो उघडायला लागला पाहिजे. खराब असेल तर नवा बसवा, काढून फेकू नका. व्हॉल्वशिवाय इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त खातं.

रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. तिथे कापूस, किडे, मातीचं पुठ्ठ्यासारखं अस्तर सापडतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून कुणी आत बघत नाही. बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर किंवा ऑइल कॅपखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं असावं. गाडी चालवूच नका, टो करून न्या.

## वरून जोडलेल्या वायरी

फॅमिली गाडीत रिव्हर्स कॅमेरा, एलईडी पट्ट्या, मागचा पंखा, ॲम्प्लिफायर असं काहीबाही बसवलेलं असतं आणि त्याचा सप्लाय बऱ्याचदा जवळ दिसेल त्या वायरीला चिमटा मारून घेतलेला असतो. टेपखाली वळवलेले जोड एकेक उघडा. ज्याला स्वतंत्र फ्यूज नाही ते काढून ठेवा आणि मग दोष राहतो का बघा.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर निगेटिव्ह काढून मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, सगळे दरवाजे लॉक करा, अर्धा तास थांबा. ५० मिलीअँपिअरच्या आत असावं. अर्धा अँपिअर खाणारं काही असेल तर ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी तीन दिवसांत संपते. आकडा कमी होईपर्यंत एकेक फ्यूज उपटत जा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटर उडेल.

पंखा ‘डायरेक्ट’ केलेला असेल तर तो आधी मूळ जोडणीवर आणा. सतत फिरून मोटर झिजते आणि अंगठ्याएवढ्या स्विचमधून जाणारी वायर डॅशबोर्डखाली तापते.

## शेवटची चाचणी

सगळं जोडल्यावर एसी बंद ठेवून गाडी उभ्या-उभ्या २० मिनिटं चालवा. पंखा आपोआप लागला पाहिजे, तापमान पाच-सहा अंश उतरल्यावर आपोआप थांबला पाहिजे, पुन्हा लागला पाहिजे. अशा तीन फेऱ्या मोजा. नंतर एसी, हेडलाईट, ब्लोअर लावून टप्पा ७ मधला अर्थचा आकडा पुन्हा घ्या आणि फ्यूजच्या डोक्याला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर खाच अजून सैल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, कूलंटची पातळी परत बघा; अडकलेली हवा रात्रीत निघते आणि पाव-अर्धा लिटर आणखी घालावं लागतं.